मागची भिंत

"खेकडा कुठे आहे?" मावशीने दुसऱ्यांदा विचारलं.

हौदाभोवती उभ्या असलेल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. चौघांनी खुर्चीत बसवून, वाटेत तीनदा टेकवून, डोंगरावरून खाली आणलेली ही नव्वदीची म्हातारी. सगळ्यांना वाटलं होतं, ही येईल, पाण्याकडे बघेल, डोळे मिटेल आणि काहीतरी मोठं सांगेल. आणि हिने येऊन मागितलं काय, तर खेकडा.

"भूक लागली असेल त्यांना," मागून दूधवाली म्हणाली आणि हशा पिकला.

मावशी हसली नाही. तिच्या खुर्चीमागे उभा असलेला तिचा भाचाही हसला नाही. अडुसष्ट वर्षांचा गवंडी, बोटं सिमेंटने खाल्लेली. त्या बोटांनी त्याने खुर्चीची पाठ अशी धरली होती की बघणाऱ्याला वाटावं, म्हातारीला आधार देतोय. खरं म्हणजे आधार त्यालाच हवा होता.

गल्लीत त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हा माणूस कुणाच्या घरी गेला की चहाचा कप हातात घेण्याआधी एक डोळा मिटून भिंत बघणार. बायकोला पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हाही त्याने आधी दाराची चौकट बघितली. बायको अजून ऐकवते, "चौकट वाकडी निघाली म्हणून नजर बाजूला गेली, नाहीतर माझ्याकडे कोण बघत होतं."

आणि हा हौद त्याच्याच हातचा. गल्लीच्या वरच्या टोकाला, डोंगर जिथे संपतो, तिथे खडकातून झरा यायचा. सव्वीस वर्षांच्या ओळंब्याने त्याला चारही बाजूंनी भिंती घातल्या, पुढे पितळी नळ बसवला आणि समोरच्या ओल्या सिमेंटवर उजव्या हाताचा पंजा उठवला. बेचाळीस वर्षांत त्या हौदाला केसाएवढी चीर गेली नाही. पाणी मात्र गेलं. नळाची धार आधी बोटाएवढी झाली, मग सुतळीएवढी, आणि आता नुसते थेंब. एक बादली भरायला सकाळ जाते.

शुक्रवारी पाणी खात्याचा साहेब मोजायला येणार होता. त्याचा नियम सरळ होता. बादली तासाभरात भरली तर झरा जिवंत, नाहीतर बंद. आणि एकदा कागदावर झरा बंद झाला की वरचा रस्ता रुंद करताना हौद बुजवायला कुणाला विचारायची गरज उरत नव्हती. आज मंगळवार.

"आजी, खेकड्याचं काय काम?" सुनेने वाकून विचारलं.

सून म्हणजे ओळंब्याची सून. शाळेत शिकवते. तिचा नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात, आणि हिचं मन डोंगरावर. दोन वर्षं तिने गल्लीतल्या बायकांना रोज सकाळी उतारावर नेलं होतं. आडवे चर खणले, गवत लावलं, बकऱ्यांच्या मालकांशी तोंडाला फेस येईपर्यंत भांडली. पाणी धावत खाली जायचं ते आता उतारावरच मुरत होतं. बोडका डोंगर गुडघाभर हिरवा झाला. सगळं झालं, पण झरा काही हलला नाही. म्हणून शेवटचा उपाय म्हणून तिने सासऱ्याच्या आईकडची ही एकुलती एक उरलेली म्हातारी शोधून काढली होती. डोंगरावरच्या माणसांना पाण्याची नस कळते, असं तिने ऐकलं होतं.

"झऱ्याच्या मागे खेकडा राहतो," मावशी म्हणाली. "तो खणतो, म्हणून पाण्याची वाट उघडी राहते. तुम्ही वर्षातून एकदा साफ कराल. तो रोज करतो, आणि सांगत फिरत नाही. त्याचं बीळ मला दाखवा. मग पुढचं बोलू."

"बीळ कसलं दाखवता, इथे चहूकडून सिमेंट आहे," दूधवालीचा जावई म्हणाला. त्याच्याकडे जमिनीत भोक पाडायचं यंत्र होतं आणि ते वापरायला त्याचे हात शिवशिवत होते. "उद्या सकाळी मशीन आणतो. हौदाच्या तळाला सरळ भोक पाडू. खाली पाणी असणारच."

"तळाला भोक पाडलंस तर असलेलं पाणी खाली जाईल," मावशी म्हणाली. "भांड्याचं बूड काढून दूध भरतं का कधी?"

या वेळी दूधवाली हसली नाही. तिला वाटलं, हा टोमणा आपल्याला.

सुनेने सासऱ्याकडे बघितलं. "बाबा, हौद तुम्ही बांधलाय. आत असं बीळबीळ काही होतं का?"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. ओळंब्याने हौदाकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे.

"फार जुनी गोष्ट झाली," तो म्हणाला. "बघावं लागेल."

मावशीने मान वळवली नाही. पण तिचा हात खांद्यावरून मागे आला, खुर्चीच्या पाठीवरच्या त्याच्या बोटांवर टेकला आणि तिथेच राहिला. म्हातारीचा हात ऊबदार होता. ओळंब्याला तो तापल्या तव्यासारखा लागला.

* * *

दुपारभर तो घरात सुखाने बसला नाही. दाराची कडी घट्ट होती ती त्याने आणखी घट्ट केली. बादलीचा कान वाकडा होता तो सरळ केला. मग चप्पल घालून पुन्हा हौदाकडे गेला आणि कुणी नाही बघून मागच्या बाजूला, भिंत आणि खडक यांच्या बेचक्यात, कसाबसा शिरला. तिथे त्याने भिंतीला कान लावला.

बेचाळीस वर्षांपूर्वीही त्याने असाच कान लावला होता.

पहिलीच स्वतंत्र कामगिरी. हौद पहिल्यांदा भरला तेव्हा गल्ली बघायला आली होती, आणि सगळ्यांसमोर मागच्या अंगाने पाणी पाझरलं. खडकात एक फट होती. फटीत मनगट जाईल एवढं गोल बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी मातीच्या ओल्या गोळ्या, वाटाण्याएवढ्या. ओळंब्याने फट बुजवली. सकाळी येऊन बघतो तर सिमेंटचा माल उकरून बाहेर टाकलेला. त्याने पुन्हा बुजवली. पुन्हा तेच. त्याची आई, डोंगरावरून लग्न होऊन खाली आलेली, कमी बोलायची. ती एवढंच म्हणाली, "ते घर आहे रे. राहू दे. पाझरलं तर पाझरलं."

पण ज्याच्या हातून गळती राहिली तो गवंडी कसला? तिसऱ्या दिवशी लोक विचारायला लागले, हौद गळतो म्हणे. चौथ्या दिवशी त्याने सगळ्यात कडक माल कालवला, दगडाच्या चिपा घेतल्या, फटीत कोपरापर्यंत हात घालून ठासल्या आणि वर वीतभर जाडीची भिंत घातली. आत कोण आहे ते त्याला माहीत होतं. माल वाळताना त्याने कान लावला तेव्हा आत खरवडल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी आला नाही.

हौद गळायचा थांबला. त्या एका न गळणाऱ्या हौदावर त्याला पुढची चाळीस वर्षं कामं मिळाली. लोक म्हणायचे, ओळंब्याचं काम आहे, पाण्याला पाऊल ठेवायला जागा सोडत नाही.

आणि पाणी? पाणी रुसलं नाही, चिडलं नाही. पुढचं दार बंद दिसलं तसं मागच्या दाराने निघून गेलं. दूधवालीच्या गोठ्याची भिंत त्याच वर्षापासून ओली राहायला लागली. ओळंब्याने तिला तीनदा गिलावा करून दिला. तिन्ही वेळा फुगून पडला. तिन्ही वेळा दूधवालीने वाळूला शिव्या घातल्या आणि ओळंब्याने मान हलवून म्हटलं, "हो, हल्ली वाळू खारट येते."

आईने त्याला कधी एका शब्दाने विचारलं नाही. फक्त हौदाचं पाणी ती कधी प्यायली नाही. अर्धा तास चालून पलीकडच्या ओढ्यावरून आपल्यापुरता तांब्या आणायची. लोक म्हणायचे, रानातली सवय आहे, जात नाही. शेवटच्या दिवसांत तिला उठवेना, दिसेना. तेव्हा त्याने नळाचं पाणी तिच्या ओठांना लावलं. ती प्यायली, जरा थांबली आणि म्हणाली, "बरं आहे." तिला कळलं होतं की नव्हतं, हा प्रश्न तो आजतागायत उशाशी घेऊन झोपतो.

आता भिंतीच्या आत काहीच वाजत नव्हतं.

* * *

संध्याकाळी त्याने अर्धं ताट बाजूला सारलं. बायको समोर बसून जेवत होती. तिच्या जिभेला हाड नाही, अशी तिची ख्याती. दूधवालीने एकदा पातळ दूध घातलं तर हिने भर गल्लीत विचारलं होतं, "म्हशीला पोहायला शिकवलंस का गं?"

"अगं," ओळंबा म्हणाला, "मागच्या भिंतीत..."

"फट होती. खेकडा होता. तुम्ही बुजवलात." ती घास चावत म्हणाली. "पाणी देऊ का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या आईने. माझ्या लग्नाला महिना झाला होता. म्हणाल्या, त्याला बोलू नकोस. हाताचा सरळ आहे, त्याला गळती सोसत नाही. एक दिवस आपणहून बोलेल."

"आणि तू एवढी वर्षं..."

"मी एवढी वर्षं तो विषय सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलले," बायको म्हणाली. "मला काय हौस होती? रोज जिभेच्या टोकावर यायचं. कधी कधी तर उगाच दूधवालीशी भांडले, की ते दुसरीकडून निघून जावं."

ओळंब्याने ताटाकडे बघितलं. "गल्लीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही. लोक म्हणतील, बेचाळीस वर्षं गप्प बसला. ती पोरगी दोन वर्षं डोंगरावर मातीची घमेली वाहत होती. मी इथे बसून बघत होतो. तिला काय सांगू?"

"काय सांगायचं ते मला विचारू नका. पण उद्या तो जावई तळाला भोक पाडणार आहे." ती उठली आणि त्याचं ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं. "ते आधी संपवा. उपाशी माणसाचा आवाज फुटत नाही."

* * *

बुधवारी सकाळी यंत्र आलं, गल्लीही आली. मावशी खुर्चीत होतीच. रात्री ओळंब्याच्या घरी ती अशी गाढ झोपली होती की सून दोनदा श्वास बघून आली.

जावई यंत्राचं टोक तळाला टेकवणार, तेवढ्यात ओळंबा हौदात उतरला आणि यंत्रासमोर उभा राहिला. 

"तळाला काही नाही," तो म्हणाला. "वाट मागे आहे. मी बुजवली."

आणि मग त्याने सांगितलं. चौथ्या दिवसाचा कडक माल, दगडाच्या चिपा, सगळं. खरवडल्याचा आवाजही. गोठ्याच्या भिंतीपर्यंत आला तेव्हा दूधवालीचा जबडा खाली आला.

"तीनदा," ती म्हणाली. "तीनदा गिलावा केलास माझ्याकडे. वर चहा प्यायलास."

कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "आम्ही झऱ्याला नावं ठेवत बसलो." आणखी कुणी म्हणालं, "हा ओळंबा." ते एवढंच, पण असं की ऐकणाऱ्याची मान खाली जावी.

ओळंबा सुनेकडे बघायचं टाळत होता. शेवटी बघितलं. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. हातातली वही तिने मिटली.

"दोन वर्षं, बाबा," ती म्हणाली. "रोज सकाळी तुम्ही मला चहा करून द्यायचात. तेव्हा तरी."

मग मावशी बोलली. "झालं का सांगून? आता कामाला लागा. सूर्य चढतोय."

"आजी, तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?" सुनेने विचारलं.

"माझ्या बहिणीने जन्मभर म्हटलं नाही, मी कशाला मध्ये पडू?" मावशीने काठीने मागची भिंत दाखवली. "ही पाडायची. बाकीच्या तीन राहू देत, माणसांना हव्यात. वरचा माल लोखंडाने काढला तरी चालेल. फट दिसली की लोखंड बाहेर. जिथे कुणी राहतं तिथे पहार घालत नाहीत. हाताने काढायचं, नाहीतर लाकडाने. आणि वरच्या अंगाला कुणी पाय द्यायचा नाही. ज्यांचे हात रिकामे आहेत त्यांनी डोंगरावरून सडका पाला आणायचा, सावलीतला, ओला."

अर्धी गल्ली घरी गेली. अर्ध्या बायका टोपल्या घेऊन उतारावर गेल्या. छिन्नी-हातोडा ओळंब्याने कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःचा माल किती कडक आहे ते त्याला दुपारपर्यंत कळलं. भिंत उतरली, चिपा उतरल्या. फटीशी पोचला तेव्हा त्याने हातोडा बाहेर दिला आणि बोटांनी उकरायला बसला. नखं गेली. शेवटचा गोळा हातात आला, आणि त्या गोळ्यात, सिमेंटला चिकटून, करंगळीएवढी पांढरी पडलेली एक नांगी होती.

त्याने इकडे तिकडे बघितलं. नांगी सोडवली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

मावशीच्या सांगण्यावरून सून वरच्या ओढ्यावर गेली होती. ती ओल्या फडक्यात एक खेकडी घेऊन आली. पोटाच्या झाकणाखाली मोहरीएवढी पिल्लं चिकटलेली. मावशीने ती हातात घेतली, उलटी करून बघितली, आणि फटीच्या तोंडाशी सोडली. खेकडी जरा थबकली. मग आडवी चालत अंधारात गेली. बायकांनी पाला पसरला. सगळं ओलं, काळं, नीट झालं.

आणि नळाचा थेंब थांबला.

* * *

गुरुवारी सकाळी नळ कोरडा होता. फट कोरडी होती. खेकडी दिसत नव्हती.

"पाणी तळाशी साठायचं म्हणून थेंब तरी यायचा," जावई सगळ्यांना समजावून सांगत होता. "भिंतच काढली. आता ठिपकाही नाही."

दुपारपर्यंत गल्लीने ओळंब्याचं नाव बदललं. खेकडा म्हणायला लागले. तो दुकानात गेला तर दुकानदाराने विचारलं, "काय खेकडेकाका, सरळ चालताय की आडवे?" ओळंब्याने साबण घेतला आणि आला.

दर तासाला तो हौदाकडे जात होता. फटीला कान लावायचा. काही नाही. पाला दुपारच्या उन्हात कडेने वाळायला लागला. एकदा तर त्याचा हात आपोआप घमेल्याकडे गेला. वाटलं, अजून वेळ आहे. चार पाट्या माल कालवून भिंत परत घातली तर उद्या सकाळपर्यंत निदान थेंब तरी. साहेबाला दाखवायला थेंब तरी.

मागून बायकोचा आवाज आला. "हात धुवा आणि घरी चला."

"उद्या बंद लिहिलं तर झरा माझ्या हातून दोनदा मेला," तो म्हणाला. "एकदा बुजवून, एकदा उघडून."

बायको त्याच्याशेजारी खडकावर बसली आणि पदराने पाल्यावर वारा घालायला लागली. मग आपलं आपल्यालाच लक्षात आलं की वाऱ्याने पाला आणखी वाळेल, तशी थांबली.

मावशी मात्र दारात खुर्ची टाकून शांत बसली होती. सून तिच्याजवळ गेली. "आजी, आलं नाही तर?"

"नाही आलं तर नाही," मावशी म्हणाली. "आपण वाट मोकळी केली. यायचं की नाही ते पाणी ठरवतं. तू बोलावलंस की लगेच यायला ते तुझ्या शाळेतलं पोर आहे का?"

* * *

शुक्रवारी साहेब अकराला आला. घामाघूम, हातात पत्र्याची बादली, मनगटावर मोठं घड्याळ. माणूस वाईट नव्हता. त्याला दिवसात सात झरे मोजायचे होते.

"सुरू करू?" त्याने विचारलं.

ओळंबा त्याच्याही आधी फटीशी पोचला आणि गुडघ्यांवर बसला. बराच वेळ उठेना. सुनेला वाटलं, सासऱ्याला चक्कर आली. ती धावली.

"बाबा?"

त्याने बोट दाखवलं. पाल्यावर, फटीच्या तोंडाशी, मातीच्या गोळ्या होत्या. वाटाण्याएवढ्या. ताज्या. त्याने एक उचलून दोन बोटांत दाबली. ती चपटी झाली आणि बोटांवर ओल राहिली.

"रात्री खणलंय," तो म्हणाला. "आत ओल आहे. खेकडा कोरड्यात खणत नाही."

"काका, माझ्या कागदात खेकड्याचा रकाना नाही," साहेब म्हणाला. पण तोही वाकून बघायला लागला.

गोळ्यांच्या खालून, पाल्याच्या एका शिरेवरून, पाणी येत होतं. धार नव्हे. गवताच्या काडीएवढं, मधेच तुटणारं. सुनेने पानाची पन्हळ करून त्याखाली बादली धरली. साहेबाने घड्याळ बघितलं. तास सुरू झाला.

असा तास गल्लीने कधी घालवला नसेल. बादलीत पाणी पडल्याचा आवाज ऐकू यायचा, मग यायचा नाही, मग बायका मान पुढे काढायच्या. ओळंब्याने एकदाही बादलीत बघितलं नाही. तो फटीकडे बघत होता. तास संपला तेव्हा बादलीच्या तळाला चार बोटं पाणी होतं.

साहेबाने सुस्कारा टाकला. "ताई, मला वाईट वाटतं. पण नियम..."

"थांबा जरा," मागून कुणीतरी म्हणालं.

दूधवाली. बुधवारपासून तिने गल्लीत पाय ठेवला नव्हता. ती लोकांना बाजूला सारत पुढे आली, साहेबासमोर उभी राहिली, आणि बोलली मात्र ओळंब्याकडे बघून.

"माझी भिंत वाळायला लागली," ती म्हणाली. "गोठ्याची. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. सकाळी हात लावला तर वरची दोन वीत कोरडी. म्हटलं, हे पाणी गेलं कुठे."

साहेबाला काही कळेना. सुनेने त्याला सांगितलं. तो दूधवालीबरोबर गोठ्यात गेला, भिंतीला हात लावून आला, आणि परत येऊन दगडावर बसला. पेन काढलं. पेन परत खिशात ठेवलं. मग दुसऱ्या खिशातून पेन्सिल काढली.

"बंद लिहीत नाही," तो म्हणाला. "जिवंतही लिहिता येत नाही. पेन्सिलने लिहितो, पुन्हा बघणे. तीन महिन्यांनी मीच येईन. तोपर्यंत वरच्या रस्त्यावर कुणी हात लावणार नाही. त्यानंतर मात्र बादली भरली पाहिजे."

"भरेल की नाही कुणास ठाऊक," सून म्हणाली. ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती.

"तेच लिहिलंय," साहेब म्हणाला.

जाता जाता दूधवाली ओळंब्यापाशी थांबली. "चहाचे तीन कप राहिले तुझ्याकडे, खेकड्या. येऊन गिलावा काढून दे आधी. फुगलेला सगळा." आणि पुढे गेली.

* * *

चार दिवसांनी मावशीला पुन्हा खुर्चीत बसवून वर नेलं. या वेळी खुर्ची धरायला आठ जण आले. जाताना ती सुनेला म्हणाली, "तुझ्या चरांनी डोंगराला पाणी प्यायला शिकवलं. वाया गेलेलं नाही ते. तोंड बंद होतं, एवढंच." दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने चहा केला आणि दोन कप बाहेर आणले. एक तिच्या सासऱ्यापुढे ठेवला. बोलली नाही. त्यानेही विचारलं नाही. कधीतरी बोलेल. या घरात वाट बघायची पद्धत जुनी आहे.

समोरची भिंतही अर्धी उतरवावी लागली, पाण्याला बाहेर यायला. ती ओळंब्याने स्वतः उतरवली. पंजा असलेला तुकडा अखंड निघाला. बायकांनी म्हटलं, हा जपून ठेवा, भिंतीत लावा. त्याने तो खाली पायरी म्हणून घ्यायचं ठरवलं. पाणी भरताना पाय घसरू नये म्हणून.

बसवायला फक्त बायको सोबत होती. तुकडा जड होता. दोघांनी मिळून तो जागेवर सरकवला. ओळंब्याने तो पालथा घातला. सव्वीस वर्षांचा तो पंजा मातीकडे गेला.

"खिशातलं पण ठेवा आता," बायको म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. शर्ट ती रोज धुते, हे त्याच्या ध्यानात नव्हतं आलं. त्याने नांगी काढली, पायरी आणि खडकाच्या मधल्या सांध्यात सरकवली.

सांधा बोटभर उघडा राहिला होता. घमेलं शेजारीच होतं, थापीही होती. ओळंब्याने एक डोळा मिटून पायरी बघितली. किंचित तिरपी होती, पाण्याच्या अंगाला. त्याने ती तशीच राहू दिली. मग सवयीने, सांध्यावरचा जादा माल पुसावा तसा, त्याने त्या फटीवरून अंगठा फिरवला. माल नव्हताच.

अंगठा ओला आला. त्याने तो पुसला नाही.